उपवासकाळ, पालवी आणि मिरग: आपल्या ऋतूंमधून ख्रिस्ती वर्ष कसं वाचायचं?

बावखलकाठ

नमस्कार मंडळी. हा विषय खूप दिवसांपासून मनात आहे, आज लिहायला घेते.

आम्ही वसईचे कॅथलिक. आमचं उपासनेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होतं. पुढे नाताळ, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, येशूच्या पुनरुत्थानाचा ईस्टर, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो पेन्टेकॉस्ट आणि मग लांबलचक सामान्यकाळ. या वर्षाचा अर्थ सांगणारं जे काही साहित्य लहानपणापासून हाती पडलं, त्यात ऋतू मात्र युरोपचे होते. आगमनकाळ म्हणजे बर्फाळ काळोख, ईस्टर म्हणजे बर्फ वितळून उमललेली फुलं. आमची मुलं आजही नाताळाच्या गोठ्यावर कापूस पसरतात. त्यांच्या आनंदाला माझी हरकत नाही. पण देवाने आपल्याला जे ऋतू दिले, ते त्याच्याबद्दल काही सांगत नाहीत का? माझ्या मते भरपूर सांगतात, आणि काही गोष्टी तर युरोपच्या ऋतूंपेक्षा जास्त नेमक्या सांगतात.

उपवासकाळाचा पहिला दिवस, म्हणजे राखेचा बुधवार, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. त्या सुमारास वाडीत बदामाची पानं लाल होऊन गळत असतात, शिरीष वाळक्या शेंगा वाजवत उभा असतो, विहिरीचं पाणी खाली जायला लागलेलं असतं. कपाळावर लावायची राख कुठून येते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे येशूचं यरुशलेमेत जयजयकाराने स्वागत झालं त्याच्या आठवणीच्या, ईस्टरआधीच्या रविवारी, नारळाच्या कोवळ्या, पिवळसर पात्यांचे क्रूस विणलेले असतात. ते वर्षभर घरात वेदीपाशी खोचलेले राहतात, सुकून तपकिरी होतात, कडा कुरतुडल्यासारख्या होतात. मग ते चर्चमध्ये परत द्यायचे आणि जाळून त्यांची राख करायची. मागच्या वर्षीचा जयजयकार या वर्षी कपाळावर राख होऊन येतो.

आणि मग ईस्टर. पाऊस अजून दीड-दोन महिने लांब असतो. ऊन वाढतंय, रानात भेगा पडल्यात, आणि नेमकी तेव्हाच पिंपळाला तांबूस पालवी फुटते. आपल्याकडे नवं पान पाऊस पडून गेल्यावर येत नाही, ते ऐन कोरड्या दिवसांत येतं. मला यात ईस्टरचं खरं रूप दिसतं. त्या पहाटे यरुशलेममध्ये बाहेर काहीही बदललं नव्हतं. रोमन सुभेदार पिलात होता, पहारेकरी होते, शिष्य दारं लावून बसले होते. परिस्थिती सुधारली म्हणून प्रभू उठला नाही. परिस्थिती तशीच असताना तो उठला.

पुढचे पन्नास दिवस वाट पाहण्याचे. पेन्टेकॉस्ट १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान येतो, म्हणजे मिरगाच्या तोंडावर. घरोघरी आगोटीची तयारी चाललेली असते, सुकी मासळी भरायची, मसाले कुटायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा. शिष्यही वरच्या खोलीत वाटच पाहत बसले होते, आणि सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद आला. कोकणपट्टीत राहणाऱ्याला हे वचन समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर धर्मगुरूंच्या अंगावर हिरवी वस्त्रं येतात ती अधूनमधूनचे सण सोडले तर थेट नोव्हेंबर संपेपर्यंत. पावसाळा सगळा हिरव्यात. आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. पावसात कबरींवर माजलेलं गवत उपटायचं, खचलेली माती सारखी करायची, झेंडूची फुलं ठेवायची. त्याच दिवसांत भात कापणीला आलेलं असतं. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, हे योहानातलं वचन मी आजीच्या कबरीपाशी उभं राहून जितकं समजले तितकं कुठल्याही प्रवचनात समजले नाही.

तुमच्याकडचे ऋतू काय सांगतात? देशावरचे, गोव्याचे, परदेशातले, सगळ्यांनी लिहा. ख्रिस्ती नसलात तरी लिहा.

ओवी_जे

सुंदर धागा. मी ख्रिस्ती नाही, म्हणून एक प्राथमिक शंका. नाताळाची तारीख ठरलेली असते, मग ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का?

बावखलकाठ

@ओवी_जे, ईस्टर चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे फिरतो. आपल्या पंचांगाशी ताडून बघा, मजा येईल. २०२४ साली होळी आणि झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी, २४ मार्चला होते, आणि ३१ ला ईस्टर. २०२५ साली हनुमान जयंती होऊन गेली आणि पुढच्या आठवड्यात, २० एप्रिलला ईस्टर. फाल्गुनातली नाहीतर चैत्रातली पौर्णिमा आमच्या सणाला धरलेली आहे, त्यामुळे पालवीचा आणि त्याचा मेळ सहसा चुकत नाही.

शेंदरी_पळस

पालवीबद्दल थोडी भर घालतो, झाडं हा माझा विषय आहे.

पानझडी जंगलातली बरीच झाडं पावसाची वाट न बघता मार्च-एप्रिलमध्ये नवी पानं काढतात. पिंपळ, करंज, कुसुम ही नेहमीची उदाहरणं. कुसुमाची पालवी इतकी लाल असते की लांबून फुलंच वाटतात. हे जमतं कसं? पानं गाळली की झाडातून हवेत उडून जाणारं पाणी थांबतं. खोल गेलेली मुळं मागच्या पावसाचं मुरलेलं पाणी ओढत राहतात, खोडातही साठा भरून निघतो. दिवस मोठा होऊ लागला की त्याच साठ्यावर पालवी फुटते. म्हणजे पानगळ झाली नसती तर पालवीला पाणी उरलं नसतं.

पळस याच्याही पुढे जातो. अंगावर एक पान नसताना तो फुलतो.

मी चर्चला जाणारा नाही, पण तुमच्या उपवासकाळाची मांडणी झाडांच्या बाजूने तरी अगदी बरोबर आहे.

बावखलकाठ

@शेंदरी_पळस, हे वाचून मी थांबले. उपवास म्हणजे नुसतं सोडणं नाही, जे आत साठवायचं आहे त्यासाठी बाहेरचा खर्च थांबवणं, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात नक्की सांगणार आहे. आभार.

पाथर्डीकर

ताई, लिहिलंय चांगलं, मनापासून सांगतो. पण आमच्या बाजूनेही ऐका.

मी नगर जिल्ह्यातला, प्रोटेस्टंट. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, आमची मंडळी त्यातली. घरी कोरडवाहू शेती. आमच्याकडे कापणीचा सण असतो, बाजरी घरात आली की. त्या रविवारी चर्चमध्ये वेदीपुढे बाजरीची कणसं, कांदे, भोपळे, अंडी, कुणाची कोंबडी, कुणाचं बोकड असं सगळं येतं आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. एक भोपळा तीन-तीनदा विकला जातो, कारण घेणारा पुन्हा लिलावातच टाकतो. ही रीत मिशनऱ्यांनी आणली. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या एका पाद्र्याने १८४३ साली तिला आजचं रूप दिलं. पण आता ती पुरती आमची आहे.

प्रश्न असा की ज्या वर्षी काही पिकतच नाही त्या वर्षी काय अर्पण करायचं? तुम्ही म्हणता ऋतू देवाबद्दल सांगतो. मग मिरग कोरडा गेला, दुबार पेरणी वाया गेली, नाहीतर ऐन काढणीत गारपिटीने कांदा सडला, तर तो ऋतू काय सांगतो? माझे वडील ७२ च्या दुष्काळाचं सांगायचे. खडी फोडायला जायचे आणि मिलो ज्वारीची लाल भाकरी खायचे. त्या वर्षीही कापणीचा सण झाला होता. म्हाताऱ्या बायांनी रिकामी सुपं आणून वेदीपुढे ठेवली आणि पाळकसाहेबांनी बायबलातल्या हबक्कूकाचा तिसरा अध्याय वाचला. अंजीर फुलला नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.

ऋतूवर भक्ती उभी केली तर ऋतू फिरला की भक्ती कोसळते. वसईला पाणी आहे म्हणून पालवी दिसते, असं मला वाटतं. राग मानू नका.

बावखलकाठ

दादा, राग कसला? तुमच्या प्रतिसादाशिवाय हा धागा अर्धा राहिला असता.

रिकाम्या सुपांचं तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. मला वाटतं त्या बायांनी जे केलं तेच ऋतूंचं सगळ्यात खोल ख्रिस्ती वाचन आहे. त्यांनी दुष्काळाला गोड मानून घेतलं नाही. देवाने शिक्षा केली असंही म्हणाल्या नाहीत. जे होतं ते, म्हणजे रिकामेपण, त्यांनी वेदीपुढे नेलं. आमच्याकडे शुभ शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, वेदीवरची चादर, मेणबत्त्या, फुलं काहीच नसतं. ती उघडी वेदी आणि तुमची सुपं मला एकच वाटतात.

पण तुमचा एक मुद्दा मला मान्य नाही. मी ऋतूवर भक्ती उभी करत नाही. ऋतू खूण आहे, देव नव्हे. नोहाला दिलेलं वचन, पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन थांबणार नाहीत, हे प्रत्येक वर्षी प्रत्येक शेतात भरघोस पीक येईल असं सांगत नाही. ते देव सोडून जाणार नाही असं सांगतं. आणि आजच्या अवकाळीत माणसाने हवेत सोडलेल्या धुराचा वाटा आहेच. ऋतू बिघडला तर तोही काही सांगतो, फक्त देवाबद्दल नाही, आपल्याबद्दल.

वचनवाचक

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

काळजीने लिहितो. प्रेषित पौलाने गलतीकरांस काय लिहिलं ते बघा, चौथा अध्याय, दहावं वचन. तुम्ही दिवस, महिने, ऋतू आणि वर्षे पाळता, तुमच्यावरचे श्रम वाया गेले की काय अशी भीती वाटते, असं तो म्हणतो. पळस, पिंपळ, नक्षत्रं यांत अर्थ शोधायला लागलो की निसर्गपूजेपर्यंत जायला किती वेळ लागतो? आपल्याला वचन पुरेसं आहे.

पाथर्डीकर

@वचनवाचक, मी वर ताईंना विरोध केला, पण इथे त्यांच्या बाजूने बोलतो. तोच पौल प्रेषितांची कृत्ये चौदाव्या अध्यायात लुस्त्र गावच्या शेतकऱ्यांशी बोलतो. तिथे लोक त्याला आणि बर्णबाला देव समजून बैल कापायला निघाले होते. त्यांना यहुदी शास्त्र माहीत नव्हतं, मग त्याने कुठली साक्ष दिली? देवाने आकाशातून पाऊस आणि फलदायी ऋतू दिले, अन्नाने आणि हर्षाने तुमची मनं भरली. ऋतू पाळल्याने तारण होत नाही, हे एक. ऋतू देणाऱ्याची ओळख पटते, हे दुसरं. दोन्ही पौलाचंच.

वचनवाचक

लुस्त्राचा दाखला योग्य आहे, मान्य करतो. तरी सावध राहावं एवढंच म्हणणं.

अश्दोदहून

धागा आवडला म्हणून खातं उघडून लिहितो. मी ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल आहे, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आजोबा अलिबागजवळचे, आमचं घर आता इस्राएलात. तुम्ही सगळे ज्या पुस्तकातून दाखले देता, त्यातले ऋतू इथे कसे असतात ते सांगतो.

इथलं चक्र कोकणाच्या नेमकं उलटं आहे. पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत संपतो. उन्हाळाभर थेंब नाही. म्हणून पावसाच्या तोंडावर येणाऱ्या मंडपांच्या सणाच्या शेवटी सिनेगॉगमध्ये पावसासाठी प्रार्थना म्हणतात आणि पाऊस संपताना येणाऱ्या वल्हांडणाला दवासाठी. वल्हांडणाला जव तयार होतो, त्याची पहिली पेंढी देवाला. तिथून सात आठवडे मोजायचे, पन्नासाव्या दिवशी गव्हाचा सण.

जुन्या मंदिराच्या काळात मंडपांच्या सणात रोज शिलोहाच्या तळ्यातून पाणी आणून वेदीवर ओतायचे. उन्हाळा संपलेला, टाक्या तळाला गेलेल्या, आणि असं जपून ठेवलेलं पाणी ओतायचं. माझ्या आजीला हे फार आवडायचं. ती म्हणायची, पाणी मागायचं असेल तर आधी असलेलं द्यावं लागतं.

बावखलकाठ

तुमचे किती आभार मानू! यामुळे माझ्यासाठी दोन वचनं उघडली.

योहानाच्या सातव्या अध्यायात, याच सणाच्या शेवटच्या मोठ्या दिवशी, येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो की कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावं आणि प्यावं. तो हे कोरड्या महिन्यांच्या अखेरीला, पावसाची वाट पाहणाऱ्या गर्दीला सांगतोय, हे ध्यानात घेतलं की त्या हाकेचं वजन कळतं.

दुसरं म्हणजे जवाची पेंढी. लेवीयमध्ये ती शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी अर्पण करायला सांगितली आहे. पौल करिंथकरांस लिहितो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठलेला, झोपी गेलेल्यांतलं प्रथमफळ आहे. पहिली पेंढी आली की उरलेलं शेत मागोमाग येणारच, हा शेतकऱ्याचा हिशोब आहे. आणि आमचा पेन्टेकॉस्ट तुमच्या त्या पन्नासाव्या दिवसातूनच आला.

मडगांवची

आमच्या गोंयचं राहिलं की!

२४ जून, सांजांव. योहान बाप्तिस्त्याचा जन्मदिवस. भर पावसात डोक्यावर फुला-पानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारायच्या, जावयाचा मान. मरिया भेटायला आली तेव्हा अलिशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली, त्या आनंदाची ही उडी असं आम्हांला घरी सांगायचे. यात ऋतूचा आणखी एक धागा आहे. जूनच्या या दिवसांनंतर दिवस लहान होत जातो आणि नाताळाच्या सुमारास पुन्हा वाढायला लागतो. योहान येशूबद्दल म्हणाला होता, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. संत ऑगस्टीनने फार पूर्वी हे दोन जन्मदिवस असे जोडून दाखवले आहेत.

आणि बर्फाचा विषय निघालाच आहे तर रायच्या चर्चबद्दल सांगते. साष्टीत राय गावी चर्चचं नाव बर्फाची सायबीण, अवर लेडी ऑफ स्नोज. रोममध्ये ऐन ऑगस्टात एका टेकडीवर बर्फ पडलं, या आख्यायिकेवरून ते नाव आलं, सण ५ ऑगस्टला. गोव्यात त्या दिवशी बर्फ कुठलं असणार? पण भाताची पहिली कणसं तेव्हा भरू लागलेली असतात. म्हणून त्याच दिवशी रायला कणसांचं फेस्त होतं. पाद्री शेतात जाऊन कणसं कापतात, आशीर्वाद देतात आणि लोक ती घरी आल्तारावर ठेवतात. नाव युरोपातल्या बर्फाचं, हातात आमचं भात. बावखलकाठ, तुम्ही जे मागताय ते आमच्या वाडवडिलांनी गुपचूप करून ठेवलंय.

मेलबर्नकर

इथे ईस्टरला पानगळ सुरू असते आणि नाताळाला भाजून काढणारं ऊन. आल्यावर पहिली काही वर्षं ईस्टर ओकाबोका वाटायचा. नंतर इथल्या एका वयस्क बाईंनी सांगितलं की आमचा ईस्टर संध्याकाळच्या बाजूने येतो, अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांसारखा. दिवस उतरला आहे, आमच्याबरोबर राहा, असं ते दोघे अनोळखी माणसाला म्हणाले आणि भाकर मोडताना त्यांनी प्रभूला ओळखलं. तेव्हापासून शरद ऋतूतला ईस्टर मला आवडायला लागला.

बावखलकाठ

@मडगांवची, रायचं फेस्त बघायला यायलाच हवं. आमच्या बाजूला ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळ ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे भातकापणीचा सण असतो, तेव्हाही भाताच्या पेंढ्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात. पण दरवर्षी भातशेती कमी होते, काही ठिकाणी पेंढ्या बाहेरून मागवाव्या लागतात. हेच मला या धाग्यात बोलायचं होतं.

माझं नाव ज्यावरून घेतलं ते बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं खोदलेलं डबकं, पावसाचं पाणी धरणारं. त्यातून पाणी मुरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात, खाडीचं खारं पाणी आत सरकत नाही. केळी, पानवेली, मोगरा सगळं त्यावर उभं राहिलं. आता कितीतरी बावखलं बुजली, वर इमारती आल्या. बावखल बुजलं की पालवीही जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आयुष्यभर हरित वसईसाठी लढले ते केवळ पर्यावरण म्हणून नव्हे, त्यांच्या श्रद्धेचाच तो भाग होता.

जुन्या ख्रिस्ती परंपरेत एक सोय होती. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिएनचे बिशप मामेर्तुस यांनी ईस्टरनंतर चाळीसाव्या दिवशी येणाऱ्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे तीन दिवस उपवासाचे आणि विनवणीचे म्हणून सुरू केले. पुढे त्या दिवसांत लोक प्रार्थना म्हणत शेतांतून, शिवेवरून फिरू लागले. १९६९ सालच्या सुधारणेनंतर हे दिवस कसे आणि कधी पाळायचे ते त्या त्या देशाच्या बिशपांवर सोपवलं आहे. आपल्याकडे हे दिवस मे महिन्यात पडतात, बावखलाचं पाणी सगळ्यात खाली असताना. गाळ काढायची हीच वेळ. मी आमच्या धर्मग्रामात सुचवलं आहे की मे महिन्यात क्रुसापाशी रोझरी आणि चण्यांचा प्रसाद असतोच, त्यातले तीन दिवस बावखलाकाठी ठेवू या. सकाळी गाळ काढायचा, संध्याकाळी प्रार्थना. तरुण मंडळी तयार आहेत, धर्मगुरूही हो म्हणाले. एका बावखलाच्या मालकांशी बोलणं चालू आहे.

पाथर्डीकर

ताई, हे पटलं. आमच्याकडे याच दिवसांत बांधबंदिस्तीची आणि नाला खोलीकरणाची कामं असतात. पंचकमिटीत मांडतो. स्वर्गारोहणाच्या आठवड्यात श्रमदान आणि शिवारातच उपासना. पिकलं तर कापणीच्या सणाला लिलाव आहेच.

ओवी_जे

एवढं सगळं वाचल्यावर विचारते, नाताळात तुमच्याकडच्या गोठ्यात हिरवंगार शेत दिसतं ते खरं असतं ना? एका मैत्रिणीकडे बघितलं होतं. शेजारच्या मुलांबरोबर करून बघायचं आहे.

बावखलकाठ

खरंच असतं, नाचणीचं. आगमनकाळातलं ते मुलांचं आवडतं काम. नाचणी रात्रभर भिजवा. पसरट ताटात बोटाच्या पेराइतकी माती घ्या, वर दाणे दाट पसरा, अगदी पातळ माती भुरभुरवा. पाणी ओतू नका, हाताने शिंपडा. पहिले दोन दिवस ओलं फडकं झाका, कोंब दिसले की काढून उजेडात ठेवा. थंडी असेल तर थोडं हळू वाढतं, म्हणून १२-१३ डिसेंबरला पेरा, २४ ला गोठ्यात ठेवण्याजोगं होतं. गहूही चालतो, पण नाचणीचं शेत जास्त बारीक आणि दाट दिसतं. मुंग्या येतात, ताट पाण्याच्या परातीत ठेवा.